वांशिक अभ्यास

वंश (शरीराच्या ठेवणीवरून मानलेला गट) व वांशिकता (भाषा, संस्कृती, मूळ यांवरून मानलेला गट) यांच्या आधारे होणारी समाजाची विभागणी, तिचा इतिहास आणि तीतून येणारी विषमता यांचा विद्यापीठीय अभ्यासविषय. अमेरिकेत तो पदवीचा मुख्य विषय म्हणून घेता येतो. भारतात तो बहुधा समाजशास्त्र व मानवशास्त्र यांच्या पोटात येतो. मराठीत ‘वंश’ हा शब्द कुळ या अर्थी आधीच रूढ असल्याने संज्ञेचा घोळ होतो. ‘वंशाचा दिवा’ म्हणताना कातडीचा रंग कोणाच्या मनात नसतो.

विषयाच्या आरंभाबद्दल मतभेद आहेत. सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजातील विद्यार्थ्यांचा नोव्हेंबर 1968 ते मार्च 1969 हा संप आणि त्यातून 1969 मध्ये उभे राहिलेले या विषयाचे स्वतंत्र महाविद्यालय येथून काही जण सुरुवात मानतात. तर काही जण कृष्णवर्णीय अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांनी 1897 पासून अटलांटा विद्यापीठात चालविलेल्या, कृष्णवर्णीयांच्या जीवनाच्या पाहण्यांपर्यंत मागे जातात. पदवीविषय एवढ्याच अर्थाने पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. अभ्यासपद्धती मात्र त्याहून जुनी आहे.

भारतातील वाद मोजपट्टीपासून सुरू झाला. 1901 च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिझली नाकाच्या रुंदीला लांबीने भागून 100 ने गुणत. येणारा अंक 70 च्या आत असल्यास नाक अरुंद, 85 च्या वर गेल्यास रुंद. नाक जितके रुंद तितकी जात खालची, असा त्यांचा निष्कर्ष होता. मुंबई विद्यापीठातील गो. स. घुर्ये यांनी 1932 मध्ये हीच मापे पुन्हा तपासून उत्तरेतील एका पट्ट्याबाहेर हा मेळ बसत नसल्याचे दाखविले, आणि 1948 मध्ये डॉ. आंबेडकरांनी घुर्ये यांच्या सामग्रीचा आधार घेऊन अस्पृश्य हा वेगळा वंश नव्हे, असे प्रतिपादिले.

सोलापुरातील महाविद्यालये 2004 मध्ये येथे स्वतंत्र विद्यापीठ होईपर्यंत कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न होती. अभ्यासाची सामग्री मात्र शहरातच आहे. पूर्व भागातील पद्मशाली विणकर घरात तेलुगू आणि बाजारात मराठी बोलतात. त्यांना जात म्हणावे, भाषिक गट म्हणावे की वांशिक गट, हे कोणती व्याख्या धरली यावर ठरते. ‘सेटलमेंट’ या शहरातील वसाहतीचे उदाहरण अधिक बोलके आहे. काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरविणाऱ्या ब्रिटिशकालीन गुन्हेगार जमाती कायद्याखाली पारधी, कैकाडी आदी जमातींची कुटुंबे तेथे तारेच्या कुंपणात ठेवली जात, हजेरी घेतली जाई. हे लोक रिझलीच्या अर्थाने ‘वंश’ नव्हते. गुण जन्मानेच येतो हे गृहीतक मात्र तेच होते. हा कायदा 31 ऑगस्ट 1952 रोजी रद्द झाला, म्हणून तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. पत्त्यांत मात्र ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ हे नाव अजून लिहिले जाते.