मराठी मजकुरातील खोडदुरुस्ती : बॅकस्पेस कोठे, डिलीट कोठे

आमच्या ग्राहकांसाठी

लग्नपत्रिका, स्मरणिका, संस्थांचे वार्षिक अहवाल अशा कामांची वर्ड फाइल आम्ही छपाईपूर्वी आपल्याकडे तपासणीसाठी पाठवतो. बरेच ग्राहक किरकोळ दुरुस्त्या स्वतःच करून फाइल परत पाठवतात. त्याला आमची हरकत नाही. उलट मुद्रितांची एक फेरी वाचते. मात्र परत आलेल्या फायलींत कधी कधी मूळ चूक जागच्या जागी राहून शेजारचे अक्षर मात्र नाहीसे झालेले आढळते. यात निष्काळजीपणा क्वचितच असतो. पुसण्याच्या दोन कळा देवनागरीत वेगवेगळ्या मापाने पुसतात, ही गोष्ट बहुतेकांना कोणी सांगितलेलीच नसते.

बॅकस्पेस कर्सरच्या आधीचे पुसते आणि डिलीट कर्सरच्या पुढचे, हे सर्वांना ठाऊक आहे. इंग्रजी मजकुराला तेवढे ज्ञान पुरते, कारण तेथे एक अक्षर म्हणजे साठवणीतील एकच खूण असते. मराठीत आपण ज्याला एक अक्षर म्हणतो, ते युनिकोड या संगणकावर अक्षरे साठवण्याच्या प्रमाण पद्धतीत पुष्कळदा अनेक खुणांचे बनलेले असते. ‘श्री’ हे अक्षर म्हणजे श, पाय मोडण्याची खूण, र आणि दुसरी वेलांटी अशा चार खुणा. त्याच्या उजवीकडे कर्सर ठेवून बॅकस्पेस एकदा दाबली की वेलांटी जाऊन ‘श्र’ राहतो. दुसऱ्यांदा दाबली की र जाऊन पाय मोडलेला ‘श्’ उरतो. तिसऱ्यांदा मोडलेला पाय सरळ होऊन ‘श’ दिसतो, आणि चौथ्यांदा जागा रिकामी होते. याउलट कर्सर ‘श्री’च्या डावीकडे ठेवून डिलीट दाबल्यास, विंडोजवरील वर्डमध्ये, चारही खुणा एकदम जातात. बाणाच्या कळांनीही कर्सर जोडाक्षराच्या पोटात शिरत नाही. तो अख्खे अक्षर ओलांडूनच पुढे जातो.

यावरून आमचा सल्ला असा आहे की काना, मात्रा, वेलांटी, उकार किंवा अनुस्वार बदलायचा असेल तर बॅकस्पेस वापरावी, आणि अक्षर मुळापासून काढायचे असेल तर डिलीट.

पत्रिकांत हमखास सापडणारी चूक म्हणजे ‘आशिर्वाद’. शुद्ध रूप ‘आशीर्वाद’ आहे. पहिली वेलांटी डोळ्यांना श च्या डावीकडे दिसते, म्हणून ग्राहक कर्सर साहजिकच ‘आ’ आणि ‘शि’ यांच्यामध्ये नेतात. तेथे बॅकस्पेस दाबली तर ‘आ’ जातो आणि ‘शिर्वाद’ उरते. डिलीट दाबली तर अख्खी ‘शि’ जाते आणि ‘आर्वाद’ उरते. पहिल्या वेळी वेलांटीला धक्काही लागलेला नसतो, आणि दुसऱ्या वेळी लागतो तो अक्षरासकट. खरे पाहता ती वेलांटी दिसते श च्या आधी, पण साठवली जाते श च्या नंतर. म्हणून कर्सर ‘शि’च्या उजवीकडे, ‘र्वा’च्या आधी ठेवावा, बॅकस्पेस एकदाच दाबावी आणि दुसरी वेलांटी द्यावी. रफार ‘वा’च्या डोक्यावर दिसत असला तरी साठवणीत तो व च्या आधी असतो, या दुरुस्तीत त्याला हात लावावा लागत नाही. रेमिंग्टन कळफलकावर हात बसलेल्या जुन्या टंकलेखकांना हे उलटे वाटते, कारण टंकलेखन यंत्रावर पहिली वेलांटी अक्षराच्या आधीच उमटवावी लागे. त्या यंत्रावरची बॅकस्पेस तर काहीच पुसत नसे, ती फक्त गाडा एक घर मागे नेई.

याच शब्दातला आणखी एक छुपा घोटाळा बॅकस्पेसनेच उघडा पडतो. ‘आ’ ही युनिकोडमध्ये एकच खूण आहे, पण काही जण ‘अ’ लिहून त्याला वेगळा काना देतात. काही फॉन्टमध्ये दोन्ही अगदी सारखे दिसतात, परंतु शोध घेतल्यास असा शब्द सापडत नाही. शंका आल्यास त्या अक्षरानंतर बॅकस्पेस एकदा दाबून पाहावी. अक्षर पूर्ण गेले तर ते बरोबर होते. मागे ‘अ’ उरला तर काना वेगळा दिलेला होता, आणि तेथे ‘आ’ नव्याने लिहावा.

इंटरनेटवरून उतरवून घेतलेल्या मजकुरात जोडाक्षरांचा आकार ठरवणाऱ्या, पण स्वतः न दिसणाऱ्या खुणाही असू शकतात. अशा ठिकाणी बॅकस्पेस दाबूनही काहीच घडले नाही असे वाटते. कळ बिघडलेली नसते, अदृश्य खूण गेलेली असते. पडद्याकडे पाहत पुन्हा एकदाच दाबावी. कळ दाबून धरू नये.

डिलीट एका वेळी नेमके किती पुसेल, हे सर्व प्रोग्रॅममध्ये सारखे नसते. युनिकोडच्या सर्वसाधारण नियमात पूर्वी ‘क्षि’चे ‘क्’ आणि ‘षि’ असे दोन तुकडे पडत. सप्टेंबर २०२३ मधील १५.१ या आवृत्तीपासून देवनागरी जोडाक्षर अखंड मानले जाते. जुन्या प्रोग्रॅममध्ये वेगळा अनुभव आला तर कारण बहुधा हेच.

मॅकच्या कळफलकावर ‘डिलीट’ असे छापलेली कळ प्रत्यक्षात बॅकस्पेसचे काम करते. पुढचे पुसण्यासाठी तिच्याबरोबर एफएन ही कळ दाबावी लागते. विंडोजवर नम लॉक बंद असताना आकड्यांच्या भागातील दशांशचिन्हाची कळ डिलीट होऊन बसते, त्यामुळे अहवालातील रक्कम लिहिताना पुढचे आकडे खाल्ले जातात. कंट्रोलसह बॅकस्पेस मागचा, तर कंट्रोलसह डिलीट पुढचा शब्द पुसते. चुकून काही गेलेच तर पुढे काही लिहिण्यापूर्वी कंट्रोल आणि झेड दाबावे.

जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधील फायलींना मात्र वरीलपैकी काहीही लागू नाही. त्यांत अक्षरांचे सुटे आकार दिसतात त्याच क्रमाने साठवलेले असतात, आणि दोन्ही कळा एकेक आकार उचलतात. अशा फायलीत कृपया स्वतः दुरुस्ती करू नये. छापील प्रतीवर लाल शाईने खुणा करून ती आमच्याकडे द्यावी. वर्ड फाइल दुरुस्त करताना ‘ट्रॅक चेंजेस’ चालू ठेवावे, म्हणजे पुसलेला मजकूर खोडरेघेसह दिसत राहतो आणि आम्हाला आपली प्रत्येक दुरुस्ती मूळ प्रतीशी ताडून पाहता येते.