पंचकार्डांचा वारसा: सर्किट सिम्युलेटर आजही असे का वागतात

सर्किट सिम्युलेटरमध्ये, म्हणजे सर्किट संगणकावर चालवून पाहणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, अँप्लिफायरच्या इनपुटपाशी ग्राउंडला जाणारा रेझिस्टर टाकला, व्हॅल्यू '१एम' दिली, आणि आउटपुट सपाट. वायरिंग बरोबर असतं. सिम्युलेटरने 'एम' म्हणजे मिली, हजारावा भाग, धरलेलं असतं, त्यामुळे इनपुट जवळपास शॉर्ट होतं. मेगओहमसाठी '१मेग' लिहावं लागतं. तसंच कपॅसिटरला '१एफ' लिहिलं तर तो एक फॅरड न होता एक फेमटोफॅरड, म्हणजे फॅरडचा अतिसूक्ष्म अंश, होतो.

या सवयीचं मूळ कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात आहे. तिथले प्राध्यापक रोनाल्ड रोरर यांच्या वर्गातून 'कॅन्सर' नावाचा प्रोग्रॅम निघाला. त्या नावातच 'किरणोत्सर्ग वगळून' असं म्हटलं होतं, कारण तेव्हाचे बरेच सिम्युलेटर संरक्षण खात्याच्या कामासाठी, सर्किट किरणोत्सर्गात टिकेल का हे तपासायला बनत. पुढे तिथलेच प्राध्यापक डोनाल्ड पेडरसन यांनी प्रोग्रॅम कुणालाही मोकळेपणाने देता यावा असा आग्रह धरला. त्यांचे विद्यार्थी लॉरेन्स नेगल यांनी तो नव्याने लिहिला आणि १९७३ मध्ये 'स्पाइस' जगापुढे आला. आज घरबसल्या फुकटात सर्किट तपासता येतं, त्याचं मोठं श्रेय या आग्रहाला आहे.

तेव्हा एका पार्टसाठी एक पंचकार्ड (भोकं पाडून माहिती नोंदवलेलं कार्ड) असे: नाव, कोणते नोड (पार्ट एकमेकांना जोडले जातात ते बिंदू), किती व्हॅल्यू. सर्किट बदलायचं तर ते कार्ड बदलून गठ्ठा पुन्हा द्यायचा. कार्डांवर फक्त कॅपिटल अक्षरं, लहान आणि मोठा 'एम' असा फरक करता येत नसे, म्हणून मिली आणि मेगा यांना वेगळी चिन्हं हवी होती. पहिलं कार्ड शीर्षकाचं. आजही हाताने लिहिलेल्या नेटलिस्टच्या, म्हणजे सर्किटमधल्या पार्टांच्या यादीच्या, पहिल्या ओळीत पार्ट टाकला तर तो गायब होतो.

१९७५ च्या स्पाइस-२ मध्ये नोडच्या व्होल्टेजबरोबर काही शाखांचे करंटही अज्ञात राशी म्हणून धरले गेले, त्यामुळे इंडक्टर आणि ग्राउंडला न जोडलेले व्होल्टेज सोर्स सहज बसू लागले. एक अडचण मात्र उरली. सिरीजमधल्या दोन कपॅसिटरांच्या मधल्या नोडला डीसी वाट, म्हणजे स्थिर करंटला जायला रस्ता, नसते, गणिताला तिथलं व्होल्टेज ठरवता येत नाही आणि 'सिंग्युलर मॅट्रिक्स'ची (समीकरणांना एकच ठरावीक उत्तर नाही अशी) एरर येऊ शकते. त्या नोडपासून ग्राउंडला '१जी', म्हणजे एक गिगओहमचा रेझिस्टर, लावला की काम भागतं.

१९८४ मध्ये पीस्पाइसने हे सगळं पीसीवर आणलं, १९८९ मध्ये स्पाइस-३ सी भाषेत आला. एनजीस्पाइस आणि एलटीस्पाइस हे आजचे सिम्युलेटर त्याच घराण्यातले. एलटीस्पाइसच्या व्ह्यू मेनूतून नेटलिस्ट उघडली, की काढलेल्या चित्राखाली तीच कार्डं ओळीने दिसतात.