हळू वाढणारा कॅक्टस आणि उसनी मुळं

नर्सरीत एका कोपऱ्यात छोट्या कुंड्यांमध्ये लाल, पिवळे, केशरी गोळे हिरव्या तीनधारी दांड्यावर बसवलेले दिसतात बघा, मून कॅक्टस म्हणून विकतात ते. बरेच जण एक झाड समजून घरी आणतात, पण ती दोन झाडं आहेत. वरचा गोळा म्हणजे जिम्नोकॅलिशियम मिहानोविची, मूळचा पॅराग्वेच्या बाजूचा, आणि खालचा दांडा चक्क ड्रॅगन फ्रूट. वरच्या गोळ्यात हरितद्रव्यच नाही, म्हणून तर तो एवढा लाल दिसतो. 1940 च्या दशकात जपानमध्ये एईजी वातानाबे या माणसाला बियांपासून केलेल्या रोपांमध्ये असे लालसर म्युटंट, म्हणजे जनुकं बदलून वेगळी निघालेली रोपं, सापडले, स्वतःचं अन्न बनवता न येणारी ही रोपं चार दिवसांत मेलीच असती, पण त्याने ती दुसऱ्या कॅक्टसवर कलम केली आणि जगवली. खालचा साखर बनवतो, वरचा खातो, असा सरळ कारभार.

आता हीच ट्रिक ज्यांच्यात हरितद्रव्य आहे पण वाढायचं नावच घेत नाहीत अशा कॅक्टसवर वापरली तर काय होतं, खरी मजा तिथे आहे.

उदाहरण म्हणून अॅझ्टेकियम रिटेरी घ्या. मेक्सिकोच्या नुएवो लिऑन राज्यात रायोनेस गावाजवळच्या जवळपास उभ्या कड्यांवर फटींमध्ये चिकटून राहतो, फ्रीडरिश रिटर या जर्मन कॅक्टस-संग्राहकाला 1928 मध्ये सापडला. पूर्ण वाढलेलं एक डोकं फार तर पाचेक सेंटीमीटर रुंद. बी इतकं बारीक की ट्रेमध्ये पेरताना शिंक आली तर संपलं. आणि उगवलेलं रोप वर्षभराने बघितलं तरी दोन-तीन मिलीमीटरचा हिरवा ठिपका, त्याच कुंडीत शेवाळ मात्र जोरात.

एवढं स्लो का, तर त्याला कारणं आहेत. बहुतेक झाडं दिवसा पानांवरची रंध्रं उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेतात आणि त्या बदल्यात भरपूर पाणी वाफ होऊन जातं. कॅक्टसला हे परवडत नाही, म्हणून तो रंध्रं रात्री उघडतो, हवा थंड असते तेव्हा, आणि मिळालेला कार्बन मॅलिक अॅसिडच्या रूपात पेशींमध्ये साठवून ठेवतो, मग दिवसा रंध्रं बंद करून उन्हाच्या जोरावर त्याची साखर बनवतो. याला कॅम पद्धत म्हणतात. पाणी वाचतं, पण रात्रीत जेवढं अॅसिड पेशीत मावेल तेवढाच दुसऱ्या दिवसाचा शिधा. त्यात आकार गोल, म्हणजे आतल्या मासाच्या मानाने बाहेरचा पृष्ठभाग कमीत कमी, पाणी वाचवायला उत्तम आणि ऊन-हवा घ्यायला वाईट. पानं नाहीत, रोपाला मुळं केसासारखी, बियात साठा नाही. मग वाढणार कशावर? कड्यावर दुष्काळात टिकायला हाच हिशोब बरोबर आहे, आपल्या खिडकीत मात्र याच स्लोपणामुळे रोप मरतं, कारण ते वर्षानुवर्षं इतकं लहान राहतं की एक दिवस कोरडं पडलं तरी गेलं आणि एक दिवस जास्त ओलं राहिलं तरी बुरशीने गेलं.

कलम केल्यावर वरच्या रोपाची जात बदलत नाही, पण पाणी, क्षार, काही प्रमाणात साखर आणि मुळांत तयार होणारे हार्मोन हे सगळं एका धडधाकट झाडाकडून यायला लागतं. या खालच्या, मुळंवाल्या झाडाला खुंट म्हणतात. त्यातही पेरेस्किऑप्सिस नावाचा खुंट भारी आहे. हा कॅक्टसच, पण त्याला खरीखुरी हिरवी पानं असतात आणि तो एखाद्या वेलीसारखा सुसाट वाढतो. त्याच्या शेंड्यावर काही आठवड्यांचं मिलीमीटरभर रोप बसवलं की जे व्हायला स्वतःच्या मुळांवर कित्येक वर्षं लागतात ते वर्ष-दोन वर्षांत दिसतं. अॅरिओकार्पस हा असाच हळू वाढणारा कॅक्टस, ज्याला बियापासून फूल यायला आठ-दहा वर्षं सहज जातात, तोसुद्धा असा लवकर फुलतो.

आता प्रत्यक्ष जोड कशी लागते ते नीट समजून घ्या, कारण बहुतेक कलमं फसतात ती इथेच. कॅक्टस आडवा कापला की मधोमध एक फिकट रिंग दिसते. पाणी वर नेणाऱ्या आणि साखर वाहणाऱ्या नळ्या या रिंगमध्ये असतात, बाकीचा सगळा गर साठवणीचा. खुंटाची रिंग आणि वरच्या तुकड्याची रिंग एकमेकींना कुठेतरी टेकली पाहिजे, बस. गंमत अशी की दोन्ही रिंगा वेगवेगळ्या साइजच्या असतील आणि तुम्ही अगदी बरोब्बर मध्यावर बसवलंत, तर छोटी रिंग मोठीच्या आत राहते आणि टेकतच नाही! म्हणून मुद्दाम थोडं बाजूला सरकवून बसवायचं, म्हणजे दोन वर्तुळं एकमेकांना छेदतात. दिसायला वाकडं, पण लागतं.

दुसरी गोष्ट, खुंट कापल्यावर त्याच्या कडा पेन्सिलीला टोक काढल्यासारख्या उतरत्या तासायच्या. आतला गर सुकताना आक्रसतो पण बाहेरची जाड साल तेवढी आक्रसत नाही, मग मधे खळगा पडतो आणि वरचा तुकडा सालीच्या कडांवर तरंगत राहतो. ड्रॅगन फ्रूटच्या तिन्ही धारा म्हणूनच तासतात. नवीन ब्लेड घ्या, स्पिरिटने पुसा, वरचा तुकडा तयार होईपर्यंत खुंटाची कापलेली पातळ चकती तशीच वर ठेवून द्या म्हणजे काप सुकणार नाही, मग चकती काढून लगेच तुकडा बसवा, हलकं दाबून फिरवा म्हणजे हवेचे बुडबुडे निघतात, आणि कुंडीच्या खालून वर रबर बँड लावा. मिलीमीटरच्या रोपाला रबर बँड वगैरे काही लागत नाही, कापाचा चिकट रसच त्याला धरून ठेवतो, फक्त झाकणाच्या डब्यात दमट हवेत काही दिवस ठेवायचं.

आत काय चाललेलं असतं? दोन्हीकडच्या जखमी पेशी फुगून कॅलस नावाचा गर बनवतात, दोन्ही कॅलस एकमेकांत मिसळतात आणि मग त्यातून नवीन नळ्या तयार होतात. अॅरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेच्या लाडक्या रोपावर बघितलं गेलंय की साखरेच्या नळ्या साधारण तीन दिवसांत जोडल्या जातात आणि पाण्याच्या नळ्यांना आठवडाभर लागतो. कॅक्टसचं वेळापत्रक थोडं वेगळं असेल, पण आठवडाभर रबर बँड काढायचा नाही आणि वरून पाण्याचा थेंब पडू द्यायचा नाही हा बागवाल्यांचा नियम याच्याशी छान जुळतो. आणि 2009 मध्ये जर्मनीत तंबाखूच्या कलमांवर दिसलं की जोडाच्या जागी एका झाडाच्या हरितलवकातले (पेशीतल्या हिरव्या कणांतले) जीन्स दुसऱ्याच्या पेशीत जाऊ शकतात, अर्थात जोडापुरतंच, त्यामुळे वरच्या कॅक्टसचं ड्रॅगन फ्रूट होईल ही भीती नको.

खुंटाचं म्हणाल तर आपल्याकडे चैन आहे. सोलापूर, सांगली, साताऱ्याकडे ड्रॅगन फ्रूटच्या बागा झाल्यात, छाटणीतल्या कांड्या सहज मिळतात, सावलीत आठवडाभर वाळवून कोकोपीट-वाळूत खोचल्या की मुळं धरतात. युरोपातले लोक या खुंटाला नाकं मुरडतात कारण त्याला थंडी सोसत नाही, आपल्याला तो प्रश्न फारसा नाहीच. थंडी सरल्यापासून मेपर्यंत, कोरड्या हवेत कलमं करावीत, पावसाळ्यात काप सुकायच्या आत बुरशी पोचते. एक मात्र सांगतो, गावाकडच्या कुंपणाचा पांढरा चीक येणारा त्रिधारी निवडुंग खुंट म्हणून घेऊ नका, तो युफोर्बिया, कुळच वेगळं, जोड लागत नाही.

आता माझं मत, पटलं तर बघा. कलमी अॅझ्टेकियम मला दिसायला आवडत नाही. पाणी जास्त मिळतं म्हणून तो फुगतो, सुरकुत्या ताणून जातात, बाजूने डझनभर पिल्लं काढतो, कधी कधी तर चक्क फाटतो. जमिनीत अर्धा गाडून दगडासारखा बसणारा अॅरिओकार्पस काठीवर लटकलेला तर अगदीच केविलवाणा. पण तरीही कलमं केली पाहिजेत असंच म्हणेन, कारण जंगलातून उपटलेल्या झाडांचा धंदा फार मोठा आहे. 2015 च्या जागतिक पाहणीत 1478 कॅक्टस जाती तपासल्या, त्यातल्या 31 टक्के धोक्यात निघाल्या आणि चोरून गोळा करणं हे त्यामागचं एक मोठं कारण. अॅरिओकार्पस आणि अॅझ्टेकियम रिटेरी दोन्ही साइट्स कराराच्या (वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं घालणाऱ्या कराराच्या) पहिल्या, सगळ्यात कडक यादीत आहेत. एका कलमावरून वर्षाला भरपूर पिल्लं आणि बिया मिळायला लागल्या की कडा खरवडून आणलेल्या झाडाला गिऱ्हाईक कमी होतं.

आणि फुगलेला गोळा कायम काठीवरच ठेवला पाहिजे असंही नाही. तो दोन-तीन सेंटीमीटरचा झाला, म्हणजे नाजूक बालपण सरलं, की खुंटाच्या तुकड्यासकट काठीवरून खाली उतरवता येतो. खुंटाचा एखादा सेंटीमीटर बुंधा ठेवून कापा, सावलीत दोन-तीन आठवडे काप पूर्ण वाळू द्या, मग पर्लाइट (हलके पांढरे फुगवलेले खडे) आणि खडीच्या मिक्समध्ये बुंधा असा गाडा की गोळ्याचा तळ खडीला टेकेल. पाणी अगदी थोडं, ऊन भरपूर. काही महिन्यांत गोळा आक्रसतो, सुरकुत्या परत येतात आणि मग पुढची वाढ पुन्हा त्याच्या मूळ चालीने, वर्षाला काही मिलीमीटर.