आमदारकीची जागा मोकळी झाली, अर्ज भरताय? आधी सूचकांची यादी तपासा

आमदार वादात सापडतात, महिनाभर बातम्यांत गाजतात आणि एक दिवस ‘आता थांबतो’ म्हणतात. दुसऱ्या दिवशी चौकाचौकात भावी आमदारांचे फ्लेक्स. फ्लेक्सला कागदपत्रं लागत नाहीत, अर्जाला लागतात. आणि छाननीत बाद होणाऱ्यांत अपक्षच जास्त दिसतात.

पहिला गैरसमज असा की पत्रकार परिषदेत थांबतो म्हटलं की जागा रिकामी झाली. तसं नाही. मुदतीच्या मध्येच पद सोडायचं तर विधानसभा अध्यक्षांकडे लेखी राजीनामा द्यावा लागतो आणि तो मंजूर व्हावा लागतो. त्यानंतर साधारण सहा महिन्यांत पोटनिवडणूक. विधानसभेची मुदत वर्षाहून कमी उरली असेल तर तीही बंधनकारक नाही. ‘पुढच्या वेळी उभा राहणार नाही’ एवढंच म्हटलं असेल, तर निवांत बसा आणि कागद जमवा.

वय छाननीच्या दिवशी २५ पूर्ण हवं आणि महाराष्ट्रातल्या कोणत्याही मतदारसंघाच्या यादीत नाव हवं. अक्कलकोटचा मतदार बार्शीतून लढू शकतो. फक्त त्यानं आपल्या नोंदीची प्रमाणित प्रत जोडायची. मोबाईलमधला स्क्रीनशॉट किंवा मतदार ओळखपत्राची झेरॉक्स म्हणजे प्रमाणित प्रत नव्हे. हे दरवेळी सांगावं लागतं. सोलापूर जिल्ह्यातल्या ११ जागांपैकी माळशिरस आणि मोहोळ अनुसूचित जातींसाठी राखीव आहेत. तिथं जातीचा दाखला बरोबर ठेवा.

आता सूचक, म्हणजे अर्जावर सही करून तुमचं नाव सुचवणारे मतदार. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक पुरतो. अपक्षाला आणि नुसत्या नोंदणीकृत पक्षाच्या उमेदवाराला दहा लागतात, आणि ते दहाही त्याच मतदारसंघाचे मतदार असले पाहिजेत. सोलापुरात घोळ होतो तो इथंच. शहरात राहणारा म्हणजे ‘शहर मध्य’ मतदारसंघाचा मतदार, असं लोक धरून चालतात. जुळे सोलापूरचा बराच भाग महापालिकेत असला तरी सोलापूर दक्षिण मतदारसंघात मोडतो. तिथला मेहुणा सूचक म्हणून घेतला की दहाचे नऊ होतात आणि अर्ज बाद. म्हणून प्रत्येकाचा यादी भाग क्रमांक आणि अनुक्रमांक ताज्या यादीत स्वतः बघा, त्याच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नका. अंगठा लावणारी एखादी विडी कामगार मावशी सूचक असेल तर अंगठा घरी घेऊन चालत नाही, तो निवडणूक निर्णय अधिकाऱ्यासमोर किंवा त्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्यासमोर लावावा लागतो. त्या दिवशी तिची मजुरी बुडते, हेही ध्यानात असू द्या.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू आडनावांचं स्पेलिंग यादीत एक, पॅनवर दुसरं, असं सर्रास असतं. घाबरू नका. किरकोळ लेखनचुकीवरून अर्ज फेटाळता येत नाही, कायद्यातच तशी तरतूद आहे. खिडकीवरचा कारकून काहीही सांगो, निर्णय त्याचा नसतो.

नमुना २६ चं शपथपत्र नोटरीसमोर करायचं. गुन्हे, मालमत्ता, कर्ज, पाच वर्षांची विवरणपत्रांतली उत्पन्नं, सगळं त्यात येतं. पती किंवा पत्नी आणि अवलंबितांचंही. एकही रकाना कोरा सोडू नका. ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ असं लिहा. आडवी रेघ मारून सोडलेलं मी एका उमेदवाराच्या शपथपत्रात पाहिलं, आणि त्याला धावतपळत नवं करून आणावं लागलं. २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर, सूचना देऊनही रकाने कोरे ठेवले तर अर्ज बाद होऊ शकतो.

संविधानाशी निष्ठेची शपथ घेणं हमखास विसरतं, ही शपथपत्राहून वेगळी. अर्ज दाखल केल्यानंतर आणि छाननीच्या दिवसाआधी शपथ किंवा प्रतिज्ञा घ्यावीच लागते. छाननीच्या सकाळी ‘आता घेतो’ म्हटलं तर उशीर झालेला असतो. अर्ज दिला की तिथंच उरकून टाका.

मुदत अधिसूचनेपासून सात दिवसांची. सुट्टीच्या दिवशी अर्ज घेत नाहीत, त्यामुळे हाती येतात पाच-सहाच दिवस. वेळ ११ ते ३. पक्षाचे ए-बी फॉर्मही (हा आमचा अधिकृत उमेदवार, असं सांगणारे) शेवटच्या दिवशी ३ वाजेपर्यंतच, शाईच्या मूळ सहीचे. शेवटच्या दिवशी हलग्या वाजवत मिरवणूक काढणाऱ्यांनी घड्याळ बघावं. कक्षात तुमच्यासह पाचजणच जाऊ शकतात.

अनामत १०,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातींसाठी ५,०००. चेक चालत नाही. एकाच मतदारसंघात अर्जाचे चार संच भरले तरी अनामत एकदाच.

बँकेत वेगळं खातं अर्जाच्या किमान एक दिवस आधी उघडा, खर्च त्यातूनच. मर्यादा ४० लाख. निकालानंतर ३० दिवसांत हिशेब द्यायचा असतो, आणि तो अनामत गेलेल्यालाही द्यावा लागतो. ‘हरलो, आता कसला हिशेब’ म्हणून घरी बसलेल्याला आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो.