हॅलोजनकडून एलईडीकडे : घरगुती प्रकाशयोजनेतील बदल

घरातले हॅलोजनचे दिवे काढून त्यांच्या जागी प्रकाश-उत्सर्जक डायोडचे, म्हणजेच एलईडीचे दिवे बसवणे. युरोपात हा बदल कायद्याने घडवून आणला. भारतात तो मुख्यतः एलईडीचे भाव उतरल्यामुळे आणि वीजबिलाच्या धाकाने झाला. ५० वॅटच्या हॅलोजनचे काम ५ ते ७ वॅटचा एलईडी करतो, हे आता घरोघरी माहीत आहे. त्यामागची एक गोष्ट मात्र फारशी बोलली जात नाही. उष्णतेच्या बाबतीत हे दोन दिवे एकमेकांच्या अगदी उलट स्वभावाचे आहेत. हॅलोजनला टिकण्यासाठी तापावे लागते. एलईडी तापला की त्याचे आयुष्य घटते. दिवे बदलल्यावर ज्या तक्रारी येतात, त्यांतल्या बऱ्याच या फरकातून आणि जुन्या वायरिंगमध्ये राहून गेलेल्या सामानातून येतात.

हॅलोजनची घडण

साध्या बल्बात टंगस्टनची तार तापून उजेड देते. तापलेल्या तारेवरचे टंगस्टन हळूहळू उडते, काचेला आतून चिकटून ती काळवंडवते आणि तार झिजून एक दिवस तुटते. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीत काम करणाऱ्या एल्मर फ्रिड्रिख आणि एमेट वायली यांनी यावर उपाय शोधला. १९५९ मध्ये त्यांना त्याचे पेटंट मिळाले. दिव्यात थोडे आयोडीन (हॅलोजन गटातले मूलद्रव्य) घातले, की ते उडालेल्या टंगस्टनशी संयोग पावते. हे संयुग फिरत फिरत तप्त तारेजवळ आले की फुटते आणि टंगस्टन पुन्हा तारेवर बसते. पुढे आयोडीनऐवजी ब्रोमीनची संयुगेही वापरात आली.

हे चक्र चालू राहायचे तर दिव्याची भिंत सुमारे २५० अंश सेल्सिअसच्या वर तापलेली असावी लागते. म्हणून हॅलोजनची कुपी एवढीशी असते आणि ती साध्या काचेची नसून क्वार्ट्‌झची किंवा उष्णता सोसणाऱ्या खास काचेची असते. तिला उघडा हात लावू नये असे सांगतात, तेही याच कारणाने : बोटांचे तेल आणि क्षार त्या तापमानाला क्वार्ट्‌झवर डाग पाडतात आणि तिथे कुपी तडकू शकते. डिमरने, म्हणजे उजेड कमी-जास्त करणाऱ्या बटणाने, हॅलोजन सतत मंद ठेवला तर भिंत पुरेशी तापत नाही, चक्र थांबते आणि कुपी काळी पडू लागते.

उजेडाच्या हिशेबात मात्र हॅलोजन साध्या बल्बाचा जरा सुधारलेला भाऊच. साधा बल्ब एका वॅटमागे १० ते १५ ल्युमेन (उजेड मोजण्याचे एकक) देतो, हॅलोजन १५ ते २५. उरलेली जवळजवळ सगळी वीज उष्णता होऊन खोलीत जाते. आयुष्य साधारण २,००० तास. तरीही तो लोकांना मनापासून आवडला आणि त्याला कारण होते. त्याचा उजेड शुभ्रतेकडे झुकणारा पण उबदार, सुमारे ३,००० केल्विनचा (उजेडाची छटा केल्विनमध्ये मोजतात; आकडा वाढला की उजेड निळसर होतो). त्यात सगळे रंग अखंड असल्याने सोने, रेशीम, लाकूड, माणसाचा चेहरा यांचे रंग खरे दिसतात. सराफांच्या आणि साड्यांच्या दुकानांनी तो उगाच डोक्यावर लावला नव्हता.

घरात तो दोन रूपांनी आला. एक रूप छतातल्या स्पॉटलाइटचे. दोन इंची परावर्तकाचा एमआर१६ हा दिवा १२ व्होल्टवर चालतो, त्यामुळे त्याच्यामागे घरच्या विजेचा दाब उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लागतो. तशाच आकाराचा जीयू१० थेट घरच्या विजेवर चालतो. आपल्याकडे पीओपीचे फॉल्स सिलिंग रुळले तेव्हा त्यात हेच दिवे ओळीने बसले. दुसरे रूप लांब नळीच्या प्रखर दिव्याचे : १५० पासून १,००० वॅटपर्यंतचे, दोन्ही टोकांना जोड असलेले. लग्नाचा मांडव, गणपतीची सजावट, रात्रीचे बॉक्स क्रिकेट आणि बंगल्याचे अंगण यांत त्याची ओळख पटते.

हे दिवे तापतातही तसेच. अमेरिकेत या नळीचा उभा दिवा दिवाणखान्यात ठेवायची पद्धत होती. १९९७ च्या जानेवारीत जॅझ वादक लायनेल हॅम्प्टन यांचे न्यूयॉर्कमधले घर अशाच दिव्यामुळे लागलेल्या आगीत जळाले. त्याच वर्षी तिथल्या ग्राहकसुरक्षा आयोगाने सुमारे ४ कोटी दिव्यांना तारेची संरक्षक जाळी मोफत देण्याची मोहीम जाहीर केली.

एलईडी

एलईडी तापलेल्या तारेवर चालत नाही. अर्धसंवाहकात इलेक्ट्रॉन खालच्या ऊर्जापातळीला उतरताना थेट प्रकाश बाहेर टाकतो. लाल एलईडी १९६२ पासून होता. पांढऱ्या उजेडासाठी निळा हवा होता आणि तो तीस वर्षे कोणाला नीट साधला नाही. जपानच्या इसामु आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांनी गॅलियम नायट्राइडचे स्फटिक वाढवून तो साध्य केला. त्याबद्दल तिघांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. घरातल्या बहुतेक पांढऱ्या एलईडीत आजही निळीच चिप असते. तिच्यावरचा पिवळसर फॉस्फर निळ्याचा काही भाग पिवळ्यात आणि लालसर रंगांत बदलतो आणि डोळ्याला त्याचे मिश्रण पांढरे दिसते.

चांगला घरगुती एलईडी वॅटमागे ८० ते १२० ल्युमेन देतो, काही त्याहूनही अधिक. त्याच्या उजेडात अवरक्त किरण जवळजवळ नसतात, म्हणून खाली हात धरला तर गरम लागत नाही. याचा अर्थ तो तापत नाही असा मात्र नाही. उष्णता चिपच्या पाठीमागे साठते आणि तिथून धातूच्या अंगावाटे ती बाहेर काढावी लागते. सोबत घरची वीज चिपला चालेल अशी करून देणारे ड्रायव्हर नावाचे छोटे सर्किट असते आणि दिवा बिघडतो तेव्हा बहुधा चिपच्या आधी हेच गेलेले असते, विशेषतः त्यातला कपॅसिटर. खोक्यावर १५,००० किंवा २५,००० तास लिहिलेले असते ते दिव्याला हवा मिळेल असे धरून. काचेच्या बंद गोळ्यात किंवा वरून दाबून बसलेल्या सिलिंगमध्ये तोच दिवा वर्ष-दोन वर्षांत जातो आणि दोष मात्र सगळ्या एलईडींच्या माथी बसतो.

कायदा आणि बाजार

युरोपीय संघाने साधे बल्ब २००९ पासून टप्प्याटप्प्याने बंद केले तेव्हा लोक आधी हॅलोजनकडेच वळले. थेट विजेवर चालणारे हॅलोजन स्पॉट १ सप्टेंबर २०१६ पासून आणि बल्बच्या आकाराचे हॅलोजन १ सप्टेंबर २०१८ पासून नव्याने बाजारात आणण्यास मनाई झाली. ही दुसरी तारीख मूळची २०१६ चीच होती, ती दोन वर्षे पुढे ढकलली गेली. दुकानात असलेला साठा विकायला आणि घरातले दिवे वापरायला आडकाठी नव्हती. जी४ आणि जी९ या छोट्या कुप्यांची पाळी २०२३ मध्ये आली.

भारतात हॅलोजन हा सर्वसामान्य घराचा दिवा कधीच नव्हता. इथे पिनच्या होल्डरातला पिवळा बल्ब, ट्यूब आणि नंतर सीएफएल होता. म्हणून सरकारची उजाला योजना (५ जानेवारी २०१५) होती ती साध्या बल्बांच्या जागी एलईडी बल्ब देण्यासाठी. तिने हॅलोजनला हातही लावला नाही. पण तिचा परिणाम छतातल्या स्पॉटपर्यंत पोहोचला. एनर्जी एफिशियन्सी सर्व्हिसेस लिमिटेड या सरकारी कंपनीने लाखोंनी बल्ब एकत्र खरेदी केले आणि एका बल्बचा खरेदीदर २०१४ मधल्या ३१० रुपयांवरून २०१६ मध्ये ३८ रुपयांवर आला. ३६ कोटींहून अधिक बल्ब या योजनेत वाटले गेले. एवढ्या मागणीने एलईडी ही चैनीची वस्तू राहिली नाही. बंदीपेक्षा घाऊक खरेदीचा हा मार्ग अधिक समजूतदार होता, असे मानायला जागा आहे : लोकांना जुना दिवा सोडायला कोणी सांगावे लागले नाही.

बचतीचा हिशेब घरच्या घरी करता येतो. हॉलमध्ये ५० वॅटचे सहा हॅलोजन रोज चार तास लागले तर दिवसाला १.२ युनिट, वर्षाला ४३८ युनिट. ६ वॅटचे सहा एलईडी तेवढाच वेळ लागले तर वर्षाला सुमारे ५३. युनिटला सगळे आकार धरून १० रुपये पडत असतील तर वर्षाला ३,८०० रुपयांच्या आसपास वाचतात. एसी लावलेल्या खोलीत आणखी थोडे, कारण सुमारे २६० वॅटची उष्णता बाहेर काढण्याचे एसीचे काम वाचते. जिथे लाइट जातात तिथे इन्व्हर्टरवरचा ३०० वॅटचा भार ३६ वर येणे हे बिलापेक्षाही मोलाचे ठरते.

बदलताना येणाऱ्या अडचणी

सर्वाधिक घोळ १२ व्होल्टच्या स्पॉटमध्ये होतो. हॅलोजनचा इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मर अमुक एका किमान भाराखाली नीट चालत नाही. अनेकांवर २० ते ६० वॅट अशी मर्यादा छापलेली असते. त्याला ५ वॅटचा एलईडी जोडला की दिवा लुकलुकतो, गुणगुणतो किंवा लागतच नाही. दुकानदार दिवा बदलून देतो, तोही तसाच वागतो. खरा उपाय ट्रान्सफॉर्मर काढून एलईडीचा ड्रायव्हर बसवणे किंवा थेट विजेवर चालणारी फिटिंग घेणे हा आहे. त्या वेळी जुने होल्डर पाहून घ्यावेत. १२ व्होल्टवर ५० वॅट म्हणजे ४ अँपिअरहून जास्त प्रवाह. वर्षानुवर्षे तो वाहिल्याने पिनांचे जोड जळालेले आणि वायरचे आवरण कडक होऊन तुकडे पडू लागलेले आढळते. हे काम इलेक्ट्रिशियनकडूनच, मेन स्विच बंद करून व्हावे. वेगळा, बदलता येणारा ड्रायव्हर असलेली फिटिंग घेतलेली बरी. ड्रायव्हर गेला तर तेवढाच बदलता येतो, सिलिंगमधले भोक पुन्हा कापावे लागत नाही.

जुना डिमरही असाच आड येतो. तो शेकडो वॅटच्या तारेच्या भारासाठी बनवलेला असतो. एलईडी डिम होणारा आहे असे खोक्यावर लिहिलेले असले तरी डिमरशी त्याचे जुळेलच असे नाही. बटण बंद केल्यावरही एलईडी अंधुक पेटलेला राहतो, ही तक्रार वेगळी. बटण फेजच्या (वीज आणणाऱ्या) तारेऐवजी न्यूट्रलच्या (परतीच्या) तारेवर बसवलेले असते किंवा बटणातल्या इंडिकेटरमधून किंचित प्रवाह झिरपत असतो. हॅलोजनला तो जाणवत नव्हता, एलईडीला पुरतो. बटण न्यूट्रलवर असेल तर ते दुरुस्त करून घ्यायलाच हवे, कारण दिवा बंद असतानाही होल्डरमध्ये वीज असते.

उजेडाची निवड वॅटवर करणे ही सर्रास होणारी चूक. हॅलोजन स्पॉटचा झोत २४ किंवा ३६ अंशांचा असे. स्वस्त एलईडी तोच उजेड १०० अंशांहून जास्त पसरवतो, त्यामुळे ल्युमेन तेवढेच असूनही जेवणाच्या टेबलावर अंधार वाटतो. झोताचा कोन विचारून घ्यावा. रंगाचेही तसेच. हॅलोजनची सवय असलेल्या घरात ६,५०० केल्विनचा निळसर पांढरा दिवा लावला तर बैठक दवाखान्यासारखी दिसते. २,७०० ते ३,००० केल्विनचा घ्यावा. सीआरआय हा रंगदर्शनाचा निर्देशांक हॅलोजनचा जवळजवळ १०० असतो, सामान्य एलईडीचा ८०. त्या २० अंकांत मुख्यतः गडद लाल हरवतो : टोमॅटो, कुंकू, पैठणीचा काठ फिका वाटतो. स्वयंपाकघरात आणि आरशाजवळ ९० च्या वरचा एलईडी थोडा महाग पडला तरी घ्यावा. डिम केल्यावर हॅलोजन तांबूस होत जातो. साधा एलईडी आपला रंग तसाच ठेवून फक्त मंद होतो. ती संध्याकाळची छटा हवी असेल तर रंगही बदलणारे खास एलईडी मिळतात.

स्वस्त ड्रायव्हरमुळे सेकंदाला १०० वेळा होणारा लुकलुकाट डोळ्याला दिसत नाही, पण काहींना त्याने डोकेदुखी होते. मोबाइलच्या कॅमेऱ्यात काळे पट्टे सरकताना दिसले तर तो दिवा अभ्यासाच्या टेबलावर नको. भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी असलेले दिवे घेतल्याने निदान विजेच्या धक्क्याची आणि आगीची जोखीम कमी होते.

निकामी एलईडीत सर्किट असते, म्हणून तो ई-कचऱ्यात द्यावा. हॅलोजनमध्ये सर्किट नसते आणि पाराही नसतो. भट्टीच्या ओव्हनमधला दिवा मात्र बदलायला जाऊ नये. तिथल्या दोन-अडीचशे अंशांत एलईडीचे सर्किट टिकत नाही, तिथे तारेचा किंवा हॅलोजनचाच दिवा चालतो.