येऊरच्या ओंडक्यावरची ओकारी

जुलैत दोन-तीन दिवस झोडपून काढल्यावर पावसाने जरा उघडीप दिली की आम्ही ठाण्याजवळचं येऊरचं जंगल गाठतो. ओढ्याकडे निघालेली मंडळी पुढे जातात, आम्ही वाटेकडेच्या कुजक्या ओंडक्यापाशी उकिडवे बसतो. गेल्या पावसाळ्यात अशाच एका ओंडक्यावर पिवळाधमक, फेसाळ, तळहाताएवढा ऐवज पसरला होता. "मामा, कुणीतरी ओकलंय," भाचा नाक दाबत म्हणाला. त्याचं फार चुकलं नव्हतं. इंग्रजीत हिला कुत्र्याची ओकारीच म्हणतात. शास्त्रीय नाव फुलिगो सेप्टिका.

ही स्लाइम मोल्ड, मराठी पुस्तकांतली श्लेष्मबुरशी. नावात बुरशी असली तरी कुळ वेगळं. बुरशी आपले धागे लाकडात घुसवते, पाचकरस सोडते आणि विरघळलेलं अन्न शोषून घेते. श्लेष्मबुरशी अमीबाच्या गोतावळ्यातली. ती सरपटते आणि वाटेतले जिवाणू सरळ गिळते. त्या अवस्थेतला तो सगळा गोळा म्हणजे एकच पेशी, आत केंद्रकं मात्र असंख्य. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आंतोन द बारी यांनी १८५९ मध्येच या मंडळींना 'बुरशीप्राणी' अशा अर्थाचं नाव दिलं होतं.

हिची एक चुलतबहीण, फायसॅरम, प्रयोगशाळेत फार लाडकी. तिच्या नळ्यांतला रस पुढे वाहतो आणि मिनिटभरात उलटा फिरतो. २००० मध्ये जपानी संशोधकांनी तिला चक्रव्यूहात सोडून दोन टोकांना ओट्स ठेवले. तिने बाकीच्या वाटांमधून अंग काढून घेतलं आणि जवळच्या वाटेवर एकच जाड नळी राखली. पुढे २०१० मध्ये टोकियो परिसरातल्या शहरांच्या जागी ओट्स मांडले, तर तिथल्या रेल्वेच्या तोडीचं जाळं तिने विणलं. मेंदू नाही, मज्जातंतू नाहीत. रोज ठाणे स्टेशनचा पूल चढणाऱ्याला हे जरा लागतंच.

दुसऱ्या दिवशी भाच्यानेच हट्ट धरला. पिवळा फेस वीतभर वर सरकून उशीसारखा फुगला होता. तिसऱ्या दिवशी त्यावर मळकट साय धरली होती, आणि एका कोपऱ्यात ती फुटून आतली काळपट भुकटी दिसत होती. तेच बीजाणू. पहिल्या दिवसाच्या फोटोवरून मी छातीठोकपणे नाव सांगितलं नसतं, कारण पिवळ्या श्लेष्मबुरशी बऱ्याच आहेत. ओळख पटते ती बीजाणू धरताना. स्टेमोनायटिस तेव्हा बाटली धुवायच्या ब्रशसारखे चॉकलेटी तुरे काढते. लायकोगालाच्या गुलाबी गोळ्या दाबल्या तर टूथपेस्टसारखा लगदा येतो. फोटो काढायचा, ओंडका लक्षात ठेवायचा आणि पुन्हा जायचं.

भूछत्र्यांचं तसं नाही. तिथे खाली वाकून पोट बघावं लागतं. छत्रीखाली पापुद्रे आहेत की बारीक भोकं, देठाला कडं आहे का, ती जमिनीतून आलीय, लाकडातून की वारुळातून? वारुळातली अळंबी म्हणजे वाळवीचा मळा. वाळवी आत पालापाचोळ्यावर बुरशी पोसते आणि पावसात तिचीच छत्री लांब मुळासारखा देठ घेऊन वर येते. पावसाळ्यात आदिवासी बायका पानावर वाटे लावून विकतात ती बहुतेक हीच. त्यांची नजर घराण्यातून आलेली, आपली नाही. विषारी अळंबीने चांदीचा चमचा काळा पडतो, किड्यांनी खाल्लेली आपल्यालाही चालते, या कसोट्या सपशेल खोट्या आहेत.

जंगलातलं काही तोडायचं नाही, राष्ट्रीय उद्यान आहे ते. बीजाणूंचा ठसा घ्यायला आमच्या सोसायटीची हिरवळ पुरते. तिथे पावसात पांढऱ्या, खवलेदार, बशीएवढ्या छत्र्या उगवतात, अगदी बाजारातल्या मशरूमसारख्या साजऱ्या. एकीचा देठ कापला, छत्री काचेच्या ताटलीवर पालथी ठेवली आणि वर वाडगा झाकला. सकाळी उचलली तर ताटलीवर पापुद्र्यांची नक्षी, रंग मळकट हिरवा. छत्र्यांच्या जगात हिरवे बीजाणू दुर्मीळ, त्यामुळे नाव लगेच लागलं, क्लोरोफिलम मॉलिब्डायटिस. खाल्ली तर काही तासांत उलट्या-जुलाब. आईने ताटली दोन बोटांत धरून उन्हाकडे केली, नक्षी बघितली आणि म्हणाली, "छान आहे. ही आता स्वयंपाकघरात येणार नाही."