ईसीयू घरीच बसवता? आधी हे वाचा, मंग पाना हातात घ्या

राम राम भाऊ. मोटरसायकलचा ईसीयू, म्हणजे पेट्रोल अन् ठिणगी सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर, त्याचा डबा आमच्याकडून घेतला त्याबद्दल धन्यवाद, पण सील तोडायच्या आधी एक सांगा, गाडीचं सायलेन्सर आन एअर फिल्टर कंपनीचंच आहे का? असेल तर डबा तसाच परत आणा, पूर्ण पैसे देतो, खरंच. काहून की ईसीयू स्वतः पॉवर तयार करत नाही, इंजेक्टर (पेट्रोल फवारणारी तोटी) किती वेळ उघडा ठेवायचा आन प्लगला ठिणगी कधी द्यायची एवढंच तो ठरवते, आन कंपनीच्या सायलेन्सरसाठी ते कंपनीनं आधीच बसवून दिलेलं असते. मोकळं सायलेन्सर, मोठं फिल्टर लावलं की हवा जास्त जाते आन पेट्रोल त्या मानानं कमी पडते, मंग गाडी तापते, पिकअपला अडखळते, रेस सोडली की मागून फटाके फुटतात. अशा गाडीसाठी हा डबा आहे.

1 एप्रिल 2020 ला बीएस-6, म्हणजे गाडीच्या धुराचे कडक नियम, लागू झालं तेव्हापासून बहुतेक नव्या गाड्यांत कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं, जेट बदलून अन् स्क्रू फिरवून भागायचं ते दिवस गेले. आता हिशोब पहा, 6000 आरपीएमला इंजिन सेकंदाला 100 फेरे मारते, फोर स्ट्रोक असल्यामुळं दर दोन फेऱ्याला एकदा म्हणजे सेकंदाला 50 वेळा पेट्रोल सोडावं लागते. प्रत्येक वेळी थ्रॉटल (रेस दिली की उघडणारी हवेची झडप) किती उघडा, हवा किती गरम, इंजिन किती गरम हे सगळं सेन्सरकडून विचारून. म्हणून सेन्सर खराब असलेल्या गाडीला नवा डबा लावून काही होत नाही. चेक इंजिनचा लाईट आधीच पेटलेला असेल, बॅटरी मेलेली असेल, तर ते आधी नीट करा.

आपल्याकडं उन्हाची एक वेगळीच भानगड. चंद्रपूर, अकोल्यात मे महिन्यात पारा 45 च्या वर जाते, अन् 25 डिग्रीच्या मानानं 45 डिग्रीच्या हवेत ऑक्सिजन साधारण 6 टक्के कमी असतो, म्हणून हवेच्या तापमानाचा सेन्सर इंजिनच्या तापापासून लांबच राहू द्या, टेप गुंडाळून झाकू नका. पेट्रोलचंही तसंच, नुसत्या पेट्रोलला 1 ग्रॅममागं 14.7 ग्रॅम हवा लागते, 20 टक्के इथेनॉलवाल्याला साडेतेराच्या आसपास, म्हणजे त्याच हवेला पेट्रोल थोडं जास्त सोडावं लागते. जुना, नुसत्या पेट्रोलसाठी केलेला मॅप (किती पेट्रोल, कधी ठिणगी याचा ईसीयूतला तक्ता) मित्राच्या पेनड्राइव्हवरून टाकू नका.

आता कायद्याचं, हे लपवून माल विकणं आम्हाला जमत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये गाडीत मूळच्यापेक्षा वेगळा बदल करायला मनाई आहे अन् कलम 182ए मध्ये मालकाला प्रत्येक बदलामागं 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. वॉरंटीही जाऊ शकते, इन्शुरन्सवाले क्लेमला अडवू शकतात. रोज तालुक्याला जायची गाडी असेल तर माझं मत तरी नको असंच आहे, रेसट्रॅकसाठी वेगळी गाडी ठेवली असेल तर लावा. अन् कंपनीचा जुना डबा फेकू नका, प्लास्टिकच्या पिशवीत घालून घरात ठेवा.

बसवायचं असं. गाडी सावलीत, थंड इंजिन. चावी बंद करून एक मिनिट थांबा, लगेच हात घालू नका, काही गाड्यांत चावी बंद झाल्यावरही डबा थोडा वेळ जागा असतो. सीट काढा, बॅटरीची मायनस वायर आधी सोडा. मंग जुन्या डब्याचा कपलर, म्हणजे वायरींचा जोड, त्याला लॉक असतो, तो नखानं दाबून कपलर धरून ओढा, वायर धरून ओढलात तर पिन आतून सुटते अन् मंग दिवसभर शोधत बसा. पिना पहा, वाकल्या का, हिरव्या पडल्या का. उंदरांनी वायर कुरतडली का तेही पहा, कापूस-सोयाबीनच्या पोत्याशेजारी उभी राहणारी गाडी असेल तर हमखास सापडते. कपलर टक आवाज येईपर्यंत दाबा. डबा सायलेन्सरपासून लांब, सीटखाली, अन् वायर टाकीखाली दबणार नाही अशी पट्टीनं बांधा. अर्थची वायर थेट बॅटरीच्या मायनसला, रंगवलेल्या चेसिसला नाही, गाडी मिसिंग मारते म्हणून आलेले बहुतेक लोक इथंच चुकलेले असतात.

बॅटरी जोडून चावी ऑन करा, स्टार्ट नका मारू. पेट्रोल पंप दोन-तीन सेकंद गुणगुणून थांबला पाहिजे. मोबाईलच्या ॲपमध्ये थ्रॉटल पूर्ण बंद, पूर्ण उघडा अशी नोंद करा, मंग स्टार्ट करून रेस न देता इंजिन गरम होऊ द्या. पहिले वीस-तीस किलोमीटर हळू, मंग प्लग काढून पहा, भुरकट असेल तर बरोबर, पांढरा फट्ट असेल तर पेट्रोल कमी, काजळीसारखा काळा असेल तर जास्त. इग्निशनचे आकडे आपल्या मनानं वाढवू नका, पिस्टनला भोक पडते ते यानंच.

आणखी दोन गोष्टी, फवारणीच्या पंपासाठी किंवा दुधाच्या कॅनसाठी चेसिसला स्टँड वेल्डिंग करणार असाल तर आधी बॅटरी सोडा अन् ईसीयूचा कपलर काढा. आन ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून गाडी चालू करताना ट्रॅक्टर बंद ठेवा, प्लस-मायनस दोनदा पहा, ट्रकच्या 24 व्होल्टवर तर लावूच नका.

गाडी चालूच नाही झाली तर कपलरचा स्पष्ट फोटो अन् चावी ऑन असताना बॅटरीचा व्होल्टेज पाठवा, 12 च्या खाली असेल तर आधी चार्जिंग करा. बाजाराच्या दिवशी दुकानात गर्दी असते, तेव्हा फोन उचलला नाही तर संध्याकाळी सातनंतर करा.